बोडगुट्ट्याचा हिरवा ठिपका

पत्र सोमवारी आलं. नरहररावांनी ते वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं, आणि पुन्हा काढून वाचलं.

पत्र तसं चार ओळींचंच होतं. ‘आपल्या कंपनीने सादर केलेल्या माहितीच्या पडताळणीसाठी मौजे बोडगुट्टा या गावाची निवड करण्यात आली आहे. गुरुवारी दुपारी बारा वाजता माहितीवर स्वाक्षरी करणाऱ्याने स्वतः हजर राहावे.’ त्या ‘स्वतः’खाली कुणीतरी पेनानं रेघ मारली होती. नरहररावांनी एकोणतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती, आणि अशा रेघा त्यांनी स्वतःही पुष्कळ मारल्या होत्या. ती कुणासाठी असते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

हे दोन हजार आठ साल. खाजगी कंपन्यांना इंटरनेटची दारं उघडून दहाएक वर्षं झाली होती. नरहररावांनी खात्यातून मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि शहरातल्या कोठी भागात, वैद्यकीय पुस्तकांच्या एका दुकानावर दुसऱ्या मजल्यावर थाटलेल्या ‘पवनजाल’ नावाच्या छोट्या कंपनीत ते लागले. पवनजाल बिनतारी इंटरनेट द्यायची. टॉवरवर अँटेना, गिऱ्हाइकाच्या गच्चीवर अँटेना, मधे नुसती हवा. मालक प्रतापराव. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात जोंधळा पिकवायचे, वडिलांनी शहरात पंपांचं दुकान टाकलं, आणि प्रतापरावांनी एकदम आकाशातच शेती सुरू केली. त्यांना सिग्नलमधलं सगळं कळायचं, फक्त सरकारी कागद बघितला की झोप यायची. कागदांसाठी नरहरराव.

त्या वर्षी राज्य सरकारनं ब्रॉडबँडचा नकाशा करायला घेतला. प्रत्येक कंपनीनं आपला सिग्नल कुठल्या गावात पोचतो, कुठल्या नाही, हे गाववार लिहून द्यायचं. पोचतो ते गाव नकाशावर हिरवं. कुणाचाच पोचत नाही ते पांढरं. पांढऱ्या गावात सरकार स्वतः टॉवर उभारणार, फोनचाही आणि नेटचाही. हिरव्या गावाला काही नाही. त्याच्याकडे आहेच, मग त्याला कशाला?

पवनजालच्या वाट्याला पंचावन्न गावं आली. त्यातली एकेचाळीस नरहररावांनी आणि प्रमोद नावाच्या कंपनीच्या तंत्रज्ञानं स्वतः हिंडून मोजली, प्रत्येक गावात यंत्र घेऊन उभं राहून. चौदा राहिली. पाऊस लागला, रस्ते चिखलात गेले, आणि मुदत संपायला आली.

आता दुसऱ्या कुणी ते चौदा रकाने कोरे ठेवले असते. पण नरहरराव पडले खात्यातले. कोरा रकाना म्हणजे शेरा, शेरा म्हणजे फाईल परत, फाईल परत म्हणजे साहेबासमोर उभं राहणं. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही रकाना कोरा सोडला नव्हता, आणि निवृत्तीच्या निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात तेवढीच एक गोष्ट सांगितली होती. ‘नाही’ लिहावं, तर त्याला कारणांचं वेगळं परिशिष्ट जोडायचं होतं. ‘होय’ला काहीच जोडायचं नव्हतं. गौलीगुड्याच्या घरी बसून त्यांनी कंपासपेटी काढली, टॉवरच्या जागी कंपासचं टोक रोवलं आणि बारा किलोमीटरचं वर्तुळ फिरवलं. चौदाच्या चौदा गावं वर्तुळात बसली. नरहररावांनी सुवाच्य अक्षरात चौदा वेळा ‘होय’ लिहिलं. खाली हमीपत्र होतं: ‘वरील माहिती मी प्रत्यक्ष तपासली असून ती खोटी आढळल्यास कारवाईस पात्र राहीन.’ त्याखाली त्यांनी सही ठोकली, सहीखाली नेहमीसारख्या दोन टिंबांसकट. वर्तुळाला टेकड्या कळत नाहीत, हे त्या संध्याकाळी त्यांच्या मनातही आलं नाही.

आणि बोडगुट्टा! तेलुगूत गुट्टा म्हणजे टेकडी. गावाच्या नावातच टेकडी बसलेली होती, तरी या शहाण्या माणसाला दिसली नाही.

मंगळवारी ते धीर करून प्रतापरावांच्या केबिनमध्ये गेले.

“आपण दुरुस्ती देऊन टाकू,” ते म्हणाले. “शुक्रवारपर्यंत मुदत आहे. चौदा गावं मोजलेली नाहीत असं लिहून देतो.”

“नरहरराव, आपली पंचावन्नच्या पंचावन्न गावं हिरवी म्हणून परवाना वाढवायचा अर्ज पुढं सरकलाय,” प्रतापराव म्हणाले. “आता चौदा कमी केली तर ते विचारतील, बाकीची तरी खरी कशावरून? मग तुम्ही काय सांगणार?”

नरहररावांनी हातातली गावांची यादी घडी करून खिशात घातली. काय सांगणार?

“तुम्ही फक्त जाऊन उभे राहा. विक्रम बघतो काय ते.”

विक्रम म्हणजे प्रतापरावांचा मुलगा. तो बघतो म्हणाला की नरहररावांना जास्तच भीती वाटायची.

घरी दोन दिवस त्यांनी आमटीत मीठ आहे की नाही हेही सांगितलं नाही. बायकोनं, विमलनं, बुधवारी सकाळी सरळ त्यांची पिशवी उघडून पत्र वाचलं. ती मराठी शाळेत तीस वर्षं शिकवत होती. पोरांच्या दप्तरातून चिठ्ठ्या काढायची तिला सवय होती.

“अहो, मोजलं नव्हतं तर लिहिलंत कशाला?”

“रकाना होता,” नरहरराव म्हणाले.

विमलनं पत्र घडी करून पिशवीत परत ठेवलं. रागवावं की कीव करावी, हे तिचं ठरेना.

“पकडतील का हो तुम्हाला?”

“माहीत नाही.”

“आणि नाही पकडलं, तर त्या गावाचं काय होईल?”

याचं उत्तर त्यांना माहीत होतं. म्हणूनच ते ताटावरून उठले.

गुरुवारी विक्रमची गाडी निघाली. विक्रमची मराठी घरातली, दखनी उर्दू रस्त्यावरची, आणि वाक्यात दोन्ही एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या. शहर मागं पडलं, दोन्ही बाजूंना एकावर एक रचल्यासारखे दगड दिसू लागले, तेव्हा तो म्हणाला, “काका, टेन्शन कायकू घेताय? सगळं सेट केलंय. प्रमोदला जीप घेऊन पाठवलाय पहाटेच. टेकडीच्या वरती, मागल्या अंगाला. जीपवर छोटा खांब, खांबावर अँटेना, आपल्या टॉवरकडून सिग्नल उचलायचा न् गावात सोडायचा. बारा ते एक. साब येतील, यंत्र लावतील, फुल सिग्नल. एक वाजता प्रमोद खांब उतरवून घरी, आपण पण घरी.”

नरहररावांना वाटलं होतं, जास्तीत जास्त विक्रम साहेबाला जेवू घालील. आतापर्यंत ती एक चूक होती. चूक कबूल करता येते. आता ती फसवणूक झाली होती, आणि तिच्या खाली त्यांचीच सही होती.

“विक्रम, आणि एकनंतर?”

“एकनंतर काय? गाव हिरवं. फाईल बंद.”

“गावाला टॉवर मिळणार नाही मग. कधीच.”

“हौ,” विक्रम म्हणाला आणि त्यानं गिअर बदलला.

बोडगुट्टा म्हणजे साठ-सत्तर घरं, आणि त्यांच्या पाठीशी घराघराएवढ्या दगडांची उघडी टेकडी. मोजणीची जागा ठरली होती आरोग्य उपकेंद्राचा ओटा. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि यादम्मा नावाची नर्स. चाळिशीची, कपाळावर मोठं कुंकू. साहेब अजून यायचे होते. यादम्मानं दोन खुर्च्या बाहेर आणल्या आणि नरहरराव बसायला म्हणून वाकले, तर त्यांना दाराशेजारच्या खिळ्यावर कॅनव्हासच्या बुटांचा एक जोड टांगलेला दिसला. बूट झिजलेले होते. नाड्यांच्या जागी सुतळी होती.

“ये किसके?” त्यांनी विचारलं.

“सबके, सार. फोन के बूटां हैं,” यादम्मा म्हणाली. तिनं टेकडीवरच्या एका उंच, गुळगुळीत दगडाकडं हात केला. “वो फोनबंडा. इधर गाँव में फोन लगताच नहीं. उसके ऊपर लगता. चप्पल से पाँव फिसलता, तो गाँव ने मिलके बूटां लिये. जिसको फोन करना, पहन के चढता, आके वापस टांगता.”

“किती वेळ लागतो चढायला?”

“मेरेकू बीस मिनट. अँबुलन्स बुलाना हो तो पंद्रा में चढती.” मग ती खुर्ची पुसायला लागली. “बारिश में बूटां से भी नहीं चढ सकते, सार. पिछले श्रावण में मैं तीन बार गिरी. पोशव्वा की बहू की डिलीवरी थी. बच्ची बची. बहू गई.”

नरहरराव बसले. श्रावणात ते काय करत होते हे त्यांना आठवत होतं. ते घरी कंपासपेटी शोधत होते.

“सरकारवाले टॉवर देते बोल के सुने,” यादम्मा म्हणाली. “तुम लोगां उसी के लिये आये ना?”

विक्रम हसून म्हणाला, “हौ अम्मा, उसीच के लिये.” नरहररावांना त्याच्याकडं बघवलं नाही.

सव्वाबाराला साहेब आले. चलपतिराव त्यांचं नाव, नामपल्लीच्या कार्यालयातून आलेले, पन्नाशीचे, उन्हानं वैतागलेले. त्यांनी खिशातून घड्याळ काढावं तसं खात्याचं यंत्र काढलं, ओट्यावर ठेवलं, अँटेना उभी केली. यंत्रानं जरा विचार केला आणि पाचच्या पाच पट्ट्या हिरव्या झाल्या.

“फुल है,” चलपतिराव म्हणाले. त्यांनाच जरा आश्चर्य वाटलं.

ओट्याभोवती जमलेल्या माणसांत कुजबूज झाली. कुणीतरी टाळी वाजवली. नेट आलं! एका म्हाताऱ्यानं यंत्राला नमस्कारच केला. यादम्माचा चेहरा असा उजळला, की नरहररावांनी मान खाली घातली. त्यांना पत्र आल्यापासून पहिल्यांदाच मोकळा श्वास आला होता, हे त्यांचं त्यांनाच कळलं, आणि त्या श्वासाची त्यांना शिसारी आली. ते वाचले होते. चलपतिराव तक्ता काढत होते, एक रकाना भरायचा आणि सही, बस्स. पंचेचाळीस मिनिटांनी प्रमोद खांब उतरवील आणि हे बूट खिळ्यावर झिजत राहतील.

बोलावं. “साहेब, वर जीप आहे.” चार शब्द. नरहररावांनी तोंड उघडलं आणि तोंडातून शब्दच फुटेना. त्यांना पोलीस दिसले, गौलीगुड्याच्या गल्लीतले शेजारी दिसले, शाळेत विमलच्या मागं कुजबुजणाऱ्या शिक्षिका दिसल्या. शूर माणसाचं काम होतं ते, आणि नरहरराव आयुष्यात कधीही शूर नव्हते. ते फक्त परिपत्रकं वाचायचे.

आणि परिपत्रक त्यांना आठवलं.

“साब,” ते म्हणाले. आवाज चिरका आला. “कलम नऊ.”

“क्या?”

“परिपत्रक का कलम नऊ. एकाच जागेवर दोन नोंदी लागतात. पहिलीनंतर दोन तासांनी दुसरी. तक्त्यात दुसरा रकाना आहे बघा, उजवीकडे. कोरा राहिला तर...” त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “...तर तपासणीवर शेरा येईल. फाईल परत. आपको फिर से आना पडेगा.”

चलपतिरावांनी तक्ता उलटा केला, सुलटा केला. रकाना होता. ‘शेरा’ आणि ‘फाईल परत’ हे शब्द ऐकून त्यांच्याही चेहऱ्यावर ती ओळखीची छाया पसरली. नरहररावांनी ती छाया एकोणतीस वर्षं आरशात बघितली होती.

“दो घंटे?” साहेबांनी सुस्कारा सोडला. “ठीक है. खाना खा लेते.”

विक्रमचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं नरहररावांना बाजूला ओढलं.

“काका, पागल झालात काय? प्रमोद एकला निघून जाईल!”

“मग त्याला फोन कर,” नरहरराव म्हणाले. ते मुद्दाम बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं.

विक्रमनं फोन काढला. बघितला. उंच धरला. अंगणाच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला. जीप टेकडीच्या माथ्यापलीकडे. गाडीनं जायचं तर वळसा घालून तासभर लागणार होता, आणि साडेबारा होत आले होते. डब्यातला भात कालवताना चलपतिराव त्याच्याकडं बघत होते. शेवटी विक्रम टेकडीच्या वाटेला लागला, आपले ते टकाटक चामडी बूट घालून.

“ओ बाबू!” यादम्मा खिळ्यावरचा जोड घेऊन धावली. “वो पहन के मत चढो, गिरते! फोन के बूटां लेव!”

चलपतिरावांचा घास हातातच राहिला.

“वो किधर जा रहे?”

“फोन करने, साब,” यादम्मा म्हणाली. “सब उधरिच जाते.”

साहेबांनी यंत्राकडं बघितलं, मग फोनबंड्याकडं बघितलं, मग नरहररावांकडं बघितलं. अर्धवट जेवलेला डबा त्यांनी बंद केला.

मग एक वाजेपर्यंत सगळं गाव विक्रमला चढताना बघत बसलं. तो घसरला, चार पायांवर गेला, दगडाला मिठी मारून थांबला. वर पोचला तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. फोन कानाला लावून तो उभा दिसत होता. एकदा, दोनदा, तीनदा त्यानं फोन लावला. यंत्रावर पाच पट्ट्या तशाच होत्या. नरहरराव त्या पट्ट्यांकडं बघत होते, आणि त्या जाव्यात की राहाव्यात, हे त्यांच्या मनाला अजूनही धड सांगता येत नव्हतं. एक वाजून चार मिनिटांनी एक पट्टी विझली. मग सगळ्याच.

“गया,” तो म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या नोंदीपर्यंत सिग्नल काही परत आला नाही. सव्वादोनला चलपतिरावांनी उजवीकडच्या रकान्यात शून्य लिहिलं. विक्रम खाली आला होता, गुडघे फुटलेले, पायांत गावाचे बूट. “प्रमोदचा फोन लागलाच नाही,” तो नरहररावांच्या कानात म्हणाला. “गुट्ट्याच्या पलीकडं उतरला असणार.” त्याला रडू येईल की काय असं वाटत होतं.

“माहितीवर सही किसकी है?” चलपतिरावांनी विचारलं.

नरहरराव उठले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. “मेरी.”

“नापे थे?”

“नाही. कंपासनं वर्तुळ काढलं होतं.”

“और आज का सिग्नल?”

नरहररावांनी टेकडीकडं बघितलं. “वर जीप होती, साहेब.” चार शब्द. दोन तास उशिरा का होईना, निघाले.

चलपतिरावांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी दुरुस्तीचा अर्ज पुढं सरकवला. आवाज खाली आणून ते म्हणाले, “एक गाँव की गलती लिखो. मोजणीत चूक झाली. बाकी मैं कुछ देखा नहीं. आप भी डिपार्टमेंट के, मैं भी.”

“हौ काका, एकच लिवा,” विक्रम पुटपुटला. “प्लीज.”

अर्जावर गावाच्या नावासाठी एकच ओळ होती. नरहररावांनी त्यावर ‘बोडगुट्टा’ लिहिलं. यादम्मा बूट खिळ्यावर परत टांगत होती. एवढं लिहून ते घरी जाऊ शकत होते. फार तर नोकरी जाईल. बाकीच्या तेरा गावांत पडताळणीला कुणीच येणार नव्हतं. त्या तेरांत टेकड्या किती, आणि बूट कुठल्या कुठल्या खिळ्यावर, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, हेच तर त्यांनी लिहायला हवं होतं.

“साहेब, एक कोरा कागद मिळेल का?” ते म्हणाले. “यात मावत नाही.”

कागद मिळाला. नरहररावांनी एकाखाली एक तेरा गावांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे ‘मोजलेले नाही’. अक्षर वेडंवाकडं आलं. शेवटी सही केली, खाली दोन टिंबं दिली.

चलपतिरावांनी कागद वाचला. नावं मोजली. मग कागद दोन बोटांत धरून त्यांच्यापुढं केला.

“नरहररावगारू, ये एक बार ऑफिस में चढ गया तो मेरे हाथ में नहीं रहता. केस हो सकता है. फाडना है तो अभी फाडो. मैं गाडी में जा के बैठता.”

कागद वितभर अंतरावर होता. नरहररावांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आता ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

“मुझे वापस मत देव, साब,” ते म्हणाले. “फार भीती वाटते मला. हातात आला तर फाडीन मी.”

चलपतिरावांनी कागदाची घडी घातली, बॅगेत ठेवली आणि बॅग बंद केली.